वजनाचा कांटा आणि मुलांची मूठ

मूल नीट वाढत आहे कीं नाहीं हें ठरविण्याची आपल्याकडील जुनी रीति म्हणजे पाहुण्यांचा अभिप्राय. "फार वाळला हो!" किंवा "आतां कसा बाळसेदार दिसतो!" एवढ्या दोन वाक्यांत मुलाच्या प्रकृतीचा निकाल लागतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे वजनाचा कांटा. कांटा स्वतः बोलत नाहीं. पण तो जो आंकडा दाखवितो त्यावर घरांत दिवसभर बोलणें चालतें. ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांतून ज्युदोचे जे वर्ग चालतात, त्यांत मुलांस घालतांना पालकांच्या मनांत येणारे प्रश्नहि बहुधा याच कांट्याभोंवतीं फिरतात. एकास वाटतें, मुलगा लठ्ठ आहे, तो बारीक व्हावा. दुसऱ्यास वाटतें, मुलगी अगदीं काडी आहे, तिच्या अंगीं कांहीं लागावें. तिसऱ्यास वाटतें, स्पर्धेपुरतें दोन किलो वजन उतरलें तर पदक हातीं येईल. या तिसऱ्या इच्छेसंबंधीं आम्हांस विशेष बोलावयाचें आहे. परंतु तत्पूर्वीं मुलाचें शरीर मोजावें कसें, आणि मोजल्यावर त्या मापाचें करावें काय, याचा थोडा विचार केला पाहिजे.

ज्युदो हा खेळ जपानांतला. पण तो जन्मास आला एका शाळामास्तराच्या हातून, ही गोष्ट आमच्यासारख्या शिक्षकांस विशेष प्रिय वाटते. जिगोरो कानो यांचा जन्म १८६० सालचा. अंगानें लहानखुरे व अशक्त असल्यामुळें विद्यार्थिदशेंत दांडग्या मुलांकडून त्यांस पुष्कळ त्रास सोसावा लागला, आणि त्यांतूनच जुजुत्सु नांवाची जुनी मल्लविद्या शिकण्याची ओढ त्यांस लागली. त्या विद्येंतील घातक डाव मुक्त सरावांतून वगळून आणि राहिलेल्यांस शिस्त लावून त्यांनीं १८८२ सालीं टोकियो येथील एका बौद्ध मंदिरांत, अवघ्या बारा चटयांच्या जागेंत, आपली शाळा उघडली. तीच कोदोकान या नांवानें पुढें जगभर प्रसिद्ध झाली. कानो हे वीसांहून अधिक वर्षें टोकियोच्या उच्च अध्यापन विद्यालयाचे प्रमुख होते. 'ज्यु' म्हणजे मृदुता आणि 'दो' म्हणजे मार्ग. आपल्या शक्तीचा उत्तम उपयोग करणें व आपणांबरोबर दुसऱ्याचेंहि हित साधणें, हीं दोन तत्त्वें त्यांनीं या खेळाच्या पायांत घातलीं. रवीन्द्रनाथ ठाकुरांनीं १९२९ सालीं शिन्झो ताकागाकी या ज्युदोगुरूंस शांतिनिकेतनांत बोलाविलें, तें हा विषय शिक्षणाचा आहे असें ओळखूनच. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत या खेळास स्थान मिळालें व १९९२ सालीं स्त्रियांसाठींहि पदकें ठेवण्यांत आलीं. तथापि त्याचें मूळ शाळेंत आहे, आणि शाळेच्याच दृष्टीनें त्याकडे पाहण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे.

आतां वजनाविषयीं. वजन ही एक बेरीज आहे. हाडें, स्नायु, मेद, पाणी व अंतरिंद्रियें यांची ती एकत्र रक्कम होय. दुकानदारानें केवळ एकूण रक्कम सांगितली आणि कोणता जिन्नस किती घेतला तें सांगितलें नाहीं, तर शहाणा गिऱ्हाईक पैसे देत नाहीं. मग मुलाच्या बाबतींत आपण केवळ एकूण रकमेवर कां समाधान मानावें? उंचीच्या मानानें वजन पाहावें, ही कल्पना बेल्जियमच्या केत्ले नांवाच्या गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मांडली. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागावें, म्हणजे एक अंक मिळतो. तो उपयोगी आहे, आणि मुलांच्या बाबतींत वय लक्षांत घेऊन वाचल्यास बरेंच सांगतो. पण त्यासहि जिन्नसांची यादी ठाऊक नसते.

याचा उत्तम दाखला आपल्या पुण्याचाच आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन या दोघां संशोधकांनीं स्वतःचींच शरीरें मोजून २००४ सालीं एक छोटीशी टिपण प्रसिद्ध केली. दोघांचाहि उंची-वजनाचा अंक तंतोतंत एक, म्हणजे २२.३. परंतु शरीरांतील मेद पाहतां युडकिन यांचा शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांचा शेंकडा २१.२ भरला! एकाच मापाचे दोन सद्गृहस्थ, पण आंतला माल किती निराळा. पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जी पाहणी केली तींतहि हेंच दिसून आलें. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. आमचीं बालकें लहान खरीं. पण उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची व अंतरिंद्रियांची. त्वचेखालील मेद त्या मानानें राखलेला होता. तात्पर्य, आपल्याकडे किडकिडीत दिसणारें मूल मेदानें हलकें असतेंच असें नाहीं, आणि गुबगुबीत दिसणारें मूल बळकट असतेंच असेंहि नाहीं. दिसतें तसें नसतें, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते.

कोणी म्हणेल, मग मेदाचेंच माप घ्यावें. तेंहि करितां येतें. त्वचेची चिमटींत धरलेली घडी किती जाड आहे तें चिमट्यासारख्या साधनानें मोजतात. कमरेस फीत लावून घेर पाहतात. आणि आतां तर पायांखालून अतिसौम्य विद्युत्प्रवाह सोडून मेदाचा हिशेब सांगणारे कांटेहि मिळतात. या शेवटच्या यंत्राचें मर्म असें कीं, शरीरांतील पाण्यांतून वीज सहज जाते व मेद तिला अडवितो. त्यामुळें मूल तहानलेलें असलें, नुकतेंच खेळून घामाघूम झालेलें असलें अथवा नुकतेंच जेवलेलें असलें, तर यंत्राचें उत्तर बदलतें. म्हणून सकाळचा आंकडा व सायंकाळचा आंकडा यांची तुलना करून घाबरून जाण्यांत अर्थ नाहीं. शिवाय मेद हा कांहीं शत्रु नव्हे. वाढत्या शरीरास तो लागतो. मुलगी वयांत येतांना तर तिच्या अंगावर थोडा मेद चढणें हा निसर्गक्रमच आहे, आणि त्याबद्दल तिला टोंचून बोलणें हा निव्वळ अन्याय होय.

कांट्याला जें सांगतां येत नाहीं त्यांतलें बरेंचसें मूठ सांगते. मुठीचें बळ मोजण्याच्या यंत्रास डायनॅमोमीटर म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्यें रेन्ये नांवाच्या यंत्रज्ञानें तें प्रथम प्रचारांत आणिलें. त्याची मूठ आवळली कीं तबकडीवर किलोंचा आंकडा उमटतो. मोजण्याची रीति सोपी आहे: मुलास खुर्चीवर बसवावें, कोंपर काटकोनांत ठेवावें, दोन्ही हातांनीं पाळीपाळीनें तीन तीन वेळां आवळावयास सांगावें व उत्तम आंकडा लिहून ठेवावा. मूठ आवळण्यांत केवळ बोटें गुंतत नाहींत. सबंध शरीराच्या स्नायूंचा अंदाज तींतून येतो, म्हणूनच वैद्यांस ती महत्त्वाची वाटते. २०१५ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत भारतासह १७ देशांतील सुमारें १,४०,००० प्रौढांची मूठ मोजून पुढें त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेविलें होतें. मुठीच्या बळांत दर ५ किलोंच्या उणिवेमागें मृत्यूचा संभव शेंकडा १६ नीं अधिक आढळला. ही पाहणी मोठ्या माणसांची होती; तिच्यावरून मुलांस भय दाखविण्याचें कारण नाहीं. पण मूठ ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, इतकें तरी त्यावरून कळतें. डोंबिवलीहून सकाळच्या गाडींत दांडा धरून मुंबईपर्यंत उभे राहणाऱ्या पालकांस हें आम्हीं सांगावयास हवें असें नाहीं!

ज्युदोंत तर मूठ ही पहिली अक्षरओळख. या खेळांत जाड सुती अंगरखा घालतात. प्रतिस्पर्ध्याची एका हातानें बाही व दुसऱ्या हातानें गळपट्टी धरून डाव सुरू होतो. पकड सुटली कीं डाव सुटला. त्यामुळें बोटें, मनगट व कोंपराखालील हात यांस सतत काम पडतें. आणि केवळ एकदां जोरानें आवळण्यापेक्षां पकड पुष्कळ वेळ टिकविण्याची शक्ति येथें अधिक उपयोगी पडते. त्याबरोबर पाय, कंबर व पाठ यांसहि खेळ घडतो. नियमानें ज्युदो करणाऱ्या मुलाचें वजन कधीं कधीं कमी न होतां थोडें वाढतें, कारण स्नायु व हाडें भरतात. कांट्यावरच विश्वासणारा पालक अशा वेळीं निराश होतो, आणि नेमका फायदा होत असतांना मुलास वर्गांतून काढून घेतो.

येथें एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. ज्युदो करणाऱ्या मुलांची मूठ इतरांहून बळकट आढळली, तर तें सर्व श्रेय ज्युदोचेंच असें लगेच म्हणूं नये. बळकट मुलेंच अशा वर्गाकडे आधीं वळतात व अशक्त मुलें लवकर गळतात, हेंहि कारण असूं शकेल. उंच मुलें नेहमीं समोर दिसतात म्हणून व्यायामशाळेच्या दारानें उंची वाढते असें कोणी म्हणत नाहीं. खरें माप एकच: हेंच मूल सहा महिन्यांपूर्वीं कोठें होतें व आज कोठें आहे. तेंहि वाचतांना उंची व वय विसरूं नये, कारण मूल उंच झालें कीं मूठ आपोआप वाढते. साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलगे व मुली यांच्या मुठींत फारसें अंतर नसतें. पुढें मुलग्यांचें बळ झपाट्यानें वाढूं लागतें. त्या वयाआधीं व्यायामानें येणारें बळ हें मुख्यतः मज्जातंतु स्नायूंस अधिक नीट हुकूम देऊं लागल्यामुळें येतें. दंड फुगल्यामुळें नव्हे. म्हणून दहा वर्षांच्या मुलाचे दंड दिसत नाहींत अशी तक्रार घेऊन शिक्षकाकडे जाण्यांत अर्थ नाहीं.

ज्युदोवांचून मूठ होत नाहीं असेंहि आमचें म्हणणें नाहीं. बाळंभटदादा देवधरांनीं दुसऱ्या बाजीरावाच्या काळांत नांवारूपास आणिलेला मल्लखांब, आणि त्याचाच दोरीचा प्रकार, हें मुठीचें व पोटाचें अप्रतिम शिक्षण आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. ती मूठ मातींत तयार झालेली होती. आमच्या ठाण्याच्या खाडींत जाळीं ओढणाऱ्या कोळ्यांस व खाडीकांठीं शेत आणि मीठ पिकविणाऱ्या आगऱ्यांस मुठीसाठीं निराळा वर्ग लावावा लागला नाहीं. म्हणून तें कष्टाचें आयुष्य पुन्हां यावें असें आम्ही म्हणत नाहीं. पहांटे जात्यावर बसणाऱ्या आजीस कोणी तिची इच्छा विचारली नव्हती. परंतु नळ, उद्वाहक व भ्रमणध्वनि यांनीं मुलांच्या हातांतील काम काढून घेतलें आहे, तर त्याच्या बदलीं दुसरें कांहीं त्या हातांस दिलें पाहिजे, हें उघड आहे.

आतां त्या तिसऱ्या इच्छेकडे वळूं. ज्युदोच्या स्पर्धा वजनाच्या गटांप्रमाणें होतात. हेतु चांगला आहे: हलक्याची गांठ जडाशीं पडूं नये. परंतु मोठ्यांच्या हव्यासानें चांगल्या नियमासहि वांकडी वाट सांपडते. मूल वरच्या गटांत हरेल, खालच्या गटांत जिंकेल, असा हिशेब होतो. मग दोन दिवस भात बंद, पाणी घोंटघोंट, आणि अंगावर जाड कपडे चढवून धांवणें. यानें जें वजन उतरतें तें बहुतेक पाण्याचें असतें, मेदाचें नव्हे. मूल चटईवर उतरतें तें थकलेलें, तहानलेलें व चिडलेलें. १९९७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरांत अमेरिकेंतील तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच रीतीनें वजन उतरवितांना मरण पावले, आणि त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले. तीं तर वाढलेलीं, धट्टींकट्टीं माणसें होतीं. वाढीच्या वयांतील मुलाच्या ताटांतून घांस काढणें म्हणजे उद्यांच्या हाडांतून व स्नायूंतून काढणें होय.

या बाबतींत ज्युदोच्या मायदेशानें जें केलें तें आमच्या प्रत्येक पालकानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जपानच्या राष्ट्रीय ज्युदो महासंघानें २०२२ सालीं प्राथमिक शाळेंतील पांचव्या व सहाव्या इयत्तेच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. कारण असें दिलें कीं, कांहीं ठिकाणीं लहानग्यांस वजन उतरविण्यास भाग पाडलें जात होतें आणि जिंकणें हेंच सर्वस्व होऊन बसलें होतें. ज्या देशानें हा खेळ जगास दिला, त्यानेंच मुलांच्या प्रकृतीपुढें पदक खालीं ठेविलें. त्याच देशांत १९८३ ते २०११ या काळांत शाळांतील ज्युदोंत शंभराहून अधिक मुलांचे प्राण गेले, त्यांत डोक्याच्या इजांचे बळी पुष्कळ होते, हेंहि लपवून उपयोग नाहीं. म्हणून चांगल्या वर्गांत प्रथम पडावयास शिकवितात, पाडावयास मागाहून.

कोणी म्हणेल कीं, स्पर्धाच नसली तर मुलांस उत्साह कसा येणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही स्पर्धेच्या विरुद्ध नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या पोरांनीं देशांत व परदेशांत पदकें मिळवावीं असेंच आम्हांस वाटतें. पण मुलानें आपल्या स्वाभाविक वजनाच्या गटांत लढावें, आणि वाढलें तर निमूटपणें वरच्या गटांत जावें. खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडन येथें ज्या गटांत लढले त्याच्या वरच्या गटांत १९५२ सालीं लढले, आणि पदक मिळालें तें त्या वरच्या गटांत. वाढणाऱ्या मुलास याहून चांगला दाखला कोणता?

तेव्हां करावें काय? आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक शाळेनें वर्षांतून दोनदां, जून महिन्यांत व जानेवारींत, प्रत्येक मुलाची उंची, वजन, कमरेचा घेर व दोन्ही हातांची मूठ मोजावी. हे आंकडे मुलाच्या स्वतःच्या वहींत लिहावे. फलकावर लावूं नयेत, वर्गांत मोठ्यानें वाचूं नयेत आणि त्यांवरून कोणाचा नंबर काढूं नये. 'जाड्या', 'काडी' हीं नांवें वर्गांत उच्चारूं देऊं नयेत. तीं नांवें मुलांच्या अंगावर मेदाहून अधिक काळ चिकटून राहतात. आंकड्यांत एकाएकीं मोठा फरक दिसला तर पालकांस एकांतांत सांगावें व डॉक्टरांस दाखवावें.

मुलास ज्युदोच्या वर्गांत घालणाऱ्या पालकांनीं शिक्षकांस तीन प्रश्न अवश्य विचारावे. पडण्याचें शिक्षण किती दिवस देतां? डोक्यास मार बसल्यास खेळ थांबवून काय करतां? आणि स्पर्धेसाठीं मुलाचें वजन उतरवावयास सांगतां काय? तिसऱ्या प्रश्नास 'थोडेंसें' असें उत्तर आलें, तरी तेथून मुलाचा हात धरून परत यावें.

ज्यांस अंगरखा व चटईचा वर्ग परवडत नाहीं त्यांनीं खट्टू होऊं नये. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी एक तास अंगमेहनतीचा खेळ खेळावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास चटईवरच गेला पाहिजे असें नाहीं. मैदानांतील आडव्या दांड्यास लोंबकळणें, दोरीवर चढणें, कबड्डी, आपलें दप्तर व आपली पाण्याची बाटली आपण वाहणें, भाकरीचें पीठ मळणें, बादली पिळून लादी पुसणें, हीं सर्व मुठीचींच कामें होत. आणि शेवटचीं दोन कामें मुलग्यांनाहि येतात! जेवणांत भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडें किंवा सुकट यांपैकीं घरास रुचेल व पेलेल तें असावें. रात्रीची झोंप शिकवणीच्या गृहपाठास बळी देऊं नये. मूल अभ्यासांत मागें पडेल या भीतीनें संध्याकाळचा तास काढून घेणारे पालक मुलाचें भलेंच इच्छितात, हें आम्ही जाणतों. परंतु लेखणी धरणारा हातहि त्याच शरीराचा भाग आहे, याचा त्यांस विसर पडूं नये.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपल्याकडे म्हणतात. तुमची मूठ आज किती किलोंची आहे यास फारसें महत्त्व नाहीं. ती शेजारच्यापेक्षां कमी भरली म्हणून लाजूं नका, अधिक भरली म्हणून मिरवूं नका. मात्र ज्युदोंतील एक रीति नीट पाहून ठेवा. आपण ज्यास पाडतों त्याची बाही तो पडत असतां सोडावयाची नसते. ती धरून ठेवावयाची, म्हणजे त्याचा तोल सांवरतो व डोकें आपटत नाहीं. ज्या मुठीनें पाडलें तीच मूठ त्याला जपते. असें बळ ज्याच्या हातीं आलें, त्याच्या वजनाची चौकशी कोणी फारशी करीत नाहीं.